जप्तीच्या बातमीनंतर वही कशी लिहावी

कोकणातल्या तीन तालुक्यांच्या न्यायालयांत मिळून मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची चौदा बेंच क्लार्क म्हणून. कागदांवर निशाणी क्रमांक घालायचे, मुद्देमाल टेबलावर मागवायचा आणि रोजनामा लिहायचा, हे माझं काम. रोजनामा म्हणजे त्या तारखेला त्या प्रकरणात काय घडलं याची दोन ओळींची नोंद. "आरोपी हजर. पंच गैरहजर. समन्सचा अहवाल नाही. पुढील तारीख." वन्यजीवांच्या खटल्यांत ही ओळ मी इतक्या वेळा लिहिली आहे की आजही डोळे मिटून लिहू शकेन.

एका खटल्यात खवले मांजराचे (पँगोलिनचे) खवले होते. पंचनाम्यात वजन एक किलो आठशे ग्रॅम. न्यायालयात पिशवी उघडून काट्यावर ठेवली तर दीड किलोच्या आसपास भरलं. जप्तीच्या वेळी खवल्यांना ओलं कातडं चिकटलेलं होतं, ते मधल्या काळात वाळलं. एवढंच कारण होतं, पण ते पंचनाम्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. पिशवीवरच्या लेबलावर पंचांच्या सह्या नव्हत्या. एक पंच पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "सही माझीच आहे, पण कागद मला वाचून दाखवला नाही. मी एस. टी. स्टँडवर उभा होतो, तिथून बोलावून नेलं." आरोपी सुटले. जप्ती झाली तेव्हा फोटोसकट पहिल्या पानावर बातमी होती. सुटकेची बातमी कुठल्याच पेपरात आली नाही.

निवृत्त होऊन दापोली तालुक्यात सासरच्या गावी राहायला आले आणि फुलस्केप वही आणली. जप्तीची बातमी जिथे संपते तिथून माझी वही सुरू होते. तशी वही प्रत्येक तालुक्यात कुणीतरी ठेवावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. शिक्षक, विद्यार्थी, वार्ताहर, निवृत्त माणूस, कुणीही ठेवू शकतं. कशी, ते सांगते.

प्रश्न लहान करा

रत्नागिरीच्या महाविद्यालयातली एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिला प्रकल्पासाठी "कोकणातील वन्यजीव तस्करी" असा विषय हवा होता. मी म्हटलं, बाय, त्या विषयात तू बुडशील. एक प्राणी घे, दोन तालुके घे, दहा वर्षं घे, आणि एकच विचार: पकडलेल्या प्रकरणांचं पुढे काय झालं? तिने खवले मांजर घेतलं. सहा महिन्यांत तिच्याकडे जे जमलं ते पाहून मी माझ्या वहीचे रकाने बदलले.

आता माझ्या वहीत एका प्रकरणाला एक पूर्ण पान असतं. वर प्राण्याचं नाव आणि काय सापडलं: जिवंत, मेलेला, खवले, कातडी, नखं, अंडी. मग गुन्ह्याची तारीख. बातमीची तारीख वेगळ्या ओळीत. मग माल सापडला ते ठिकाण, आरोपीचं गाव आणि माल कुठे चालला होता, या तिन्हींना तीन वेगळ्या ओळी. सुरुवातीला मी एकच "ठिकाण" लिहीत असे आणि फसले. एकच जप्ती एका पेपरात गुहागरची होती, दुसऱ्यात चिपळूणची, तिसऱ्यात रत्नागिरीची. एकाने सापळ्याची जागा लिहिली, एकाने कार्यालयाची, एकाने आरोपीच्या घराची. माझ्या वहीत एका प्रकरणाची तीन झाली होती.

पुढची ओळ: कुणी पकडलं? वनविभागाने, पोलिसांच्या स्थानिक गुन्हे शाखेने, कस्टम्सने की तटरक्षक दलाने? ही ओळ का महत्त्वाची ते पुढे येईल. त्याखाली: मोबाईल जप्त झाला का? हा रकाना त्या मुलीने सुचवला. खवले घेऊन मोटारसायकलवर पकडला जातो तो बहुधा वाडीतला गरजू पोरगा असतो. त्याला फोन करणारा, माल पुढे नेणारा, पैसे देणारा हे सगळे त्या मोबाईलमध्ये असतात. मोबाईल जप्त झाला नाही, त्याचे कॉल तपशील मागवले नाहीत, तर खटला त्या पोराजवळच संपतो.

नग आणि किलो एकत्र करू नका. खवल्यांच्या वजनावरून किती जनावरं मेली असतील, याचा हिशेब स्वतः मांडू नका. लहान-मोठ्या जनावराच्या खवल्यांच्या वजनात पुष्कळ फरक असतो.

किमतीचा रकाना माझ्या वहीत नाही, आणि तो मी मुद्दाम ठेवलेला नाही. "व्हेलची उलटी, किंमत अमुक कोटी" असं छापून येतं. देशात ज्या वस्तूचा कायदेशीर बाजारच नाही तिचा भाव कुठून आणला, असं कुणी विचारत नाही. पण हर्णैच्या बंदरात तो आकडा चहाच्या टपरीवर वाचला जातो. गेल्या हंगामात ज्याचं जाळं फाटून नुकसान झालंय, बोटीचा हप्ता थकलाय, असा मुलगा तो वाचतो. वार्ताहरांना माझी हात जोडून विनंती आहे की वजन छापा, कलम छापा, शिक्षा छापा, किंमत छापू नका.

तारखेवरून कायदा बदलतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आधी सहा अनुसूची होत्या, आता चार आहेत: पहिल्या दोन प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची, चौथी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातल्या, म्हणजे साइटीसमधल्या, जातींची. साधा पोपट पूर्वी चौथ्या अनुसूचीत होता, आता दुसऱ्यात आहे. म्हणून गुन्हा कोणत्या तारखेचा ते पाहिल्याशिवाय अनुसूची लिहू नका. जुन्या खटल्याला नवा कायदा लावून केलेली तुलना खोटी ठरते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला किमान तीन ते कमाल सात वर्षं कैद आहे. दंड दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये झाला.

याच कायद्याचं कलम ५७ लक्षात ठेवा. बंदी असलेली वस्तू आरोपीच्या ताब्यात होती हे सिद्ध झालं, की तो ताबा कायदेशीर होता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. कायदा इतका खंबीर असूनही माणसं सुटतात, कारण मुळात ताबाच नीट सिद्ध होत नाही. ताबा सिद्ध होतो पंचनाम्याने.

फोनवर रोजनामा वाचा

मी हाताने लिहीत असे तो रोजनामा आता ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर कुणालाही दिसतो. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांचा सी.एन.आर. क्रमांक असतो. तो माहीत नसेल तर राज्य, जिल्हा आणि न्यायालय निवडा आणि कायद्याच्या नावाने शोधा. "वाइल्ड लाइफ" जोडूनही शोधा आणि तोडूनही शोधा, कारण नोंद करणाऱ्याने नाव कसं टाइप केलं असेल ते सांगता येत नाही. चालू आणि निकाली, दोन्ही याद्या बघा. प्रकरण उघडलं की तारखांची रांग दिसते. प्रत्येक तारखेवर बोट टेकवलं की त्या दिवशी काय झालं ते कळतं. तिथे मन लावून वाचा. "साक्षीदार गैरहजर" किती वेळा आलंय ते मोजा. कोण गैरहजर, पंच की बदली होऊन गेलेला अधिकारी, ते लिहा. आमच्याकडे वनरक्षक-वनपालांच्या बदल्या होतात आणि समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन परत येतं. अशा वेळी परिक्षेत्र कार्यालयात जाऊन "साहेब, या तारखेला तुमचे अमुक साक्षीदार आहेत, ते सध्या कुठे आहेत?" एवढं विचारलं तरी पुष्कळ काम होतं. हे मी स्वतः केलं आहे. कुणी रागावलं नाही, उलट एका वनपालाने डायरी काढून तारीख लिहून घेतली.

निकालपत्र तिथे मिळालं नाही तर नकलेचा अर्ज करा. तुम्ही पक्षकार नसलात तरी कारण देऊन, न्यायालयाच्या परवानगीने नक्कल मिळू शकते. निकालपत्राचं शेवटचं पान वाचून थांबू नका. आरोपी का सुटला ते मधल्या पानांवर असतं.

माहिती अधिकाराचा अर्ज

पेपरात न आलेली प्रकरणं वनविभागाकडे असतात. रत्नागिरी जिल्ह्यासाठी अर्ज चिपळूणच्या विभागीय वन अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे जातो, सिंधुदुर्गासाठी सावंतवाडीला. रायगडात अलिबाग आणि रोहा ही दोन वेगळी कार्यालयं आहेत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. मी साधारण असं लिहिते:

"दि. १ जानेवारी २०१५ पासून आजपर्यंत आपल्या विभागात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली नोंदवलेल्या वनगुन्ह्यांची परिक्षेत्रनिहाय यादी द्यावी. प्रत्येक गुन्ह्यासाठी पुढील तपशील असावा: वनगुन्हा क्रमांक, गुन्ह्याची तारीख, लावलेली कलमे, प्राणी वा अवयव, नग वा वजन, न्यायालयात फिर्याद दाखल केल्याची तारीख, न्यायालयाचे नाव व खटला क्रमांक, निकाल. आरोपी व साक्षीदार यांची नावे नकोत."

शेवटचं वाक्य विसरू नका. नावं मागितली की अर्ज अडकतो, आणि अभ्यासाला नावं लागतही नाहीत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. कधी उत्तर येतं की तपास चालू आहे, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज) प्रमाणे माहिती देता येत नाही. तपास चालू आहे एवढं सांगून ते कलम लागत नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते सांगावं लागतं, आणि निकाली प्रकरणांना तर ते कारण मुळीच नाही. अपिलात हे शांतपणे लिहा. भांडणाची भाषा नको, कारण याच कार्यालयात तुम्हाला पुन्हा पुन्हा जायचं आहे.

दुसरा अर्ज वेगळा करा: विभागात वनरक्षकांची मंजूर पदं किती, रिक्त किती. हा आकडा जप्त्यांच्या आकड्याशेजारी ठेवायचा असतो. ट्रॅफिक (वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणारी संस्था) आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थांनी मांडलेल्या हिशेबात २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत भारतात खवले मांजराच्या ३४२ जप्त्या आणि १,२०३ जनावरं दिसतात. जप्त्यांच्या संख्येत ओडिशानंतर महाराष्ट्र आहे. म्हणून महाराष्ट्रात तस्करी जास्त, की पकडणारे जास्त सावध? जप्तीचा आकडा फक्त पकडलेलं मोजतो. ज्या तालुक्यात दहा वर्षांत एकही जप्ती नाही तिथे जंगल सुरक्षित आहे असं लिहू नका. तिथे बीट, म्हणजे एका वनरक्षकाकडचा गस्तीचा भाग, किती मोठं आणि माणूस एकच, हेही कारण असेल. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडं आहे. डोंगरच्या डोंगर खाजगी मालकीचे, आणि खवले मांजर काजूच्या बागेत वारुळं उकरत फिरतं.

काय विकलं जातं

खवले मांजराला धोका वाटला की ते अंगाचं वेटोळं करून चेंडूसारखं बसतं. बिबट्यापासून बचाव म्हणून हे ठीक, माणूस मात्र त्याला नुसतं उचलून पोत्यात घालतो. मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते. खवले म्हणजे आपल्या नखांसारखंच केराटिन, त्यात औषधी असं काही नाही. २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत जगातल्या आठही जातींना साइटीसच्या पहिल्या परिशिष्टात टाकून त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्यात आला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कोकणात खवले मांजरासाठी गावोगाव काम केलं आहे. याच संस्थेने २००२ पासून वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखली. आमच्या आंजर्ल्याच्या वाळूतही ऑलिव्ह रिडले कासवं येतात. माझ्या सासूबाई सांगत, त्यांच्या लहानपणी अंडी टोपलीने घरी यायची. आज त्याच गावातली मुलं पिल्लं समुद्राकडे जाताना पाहुण्यांना दोरीमागे उभं करतात.

व्हेलची उलटी, म्हणजे अंबरग्रीस, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते. साइटीसच्या लेखी ती नैसर्गिकरीत्या बाहेर टाकलेली वस्तू आहे, म्हणून काही देशांत ती विकता येते, आणि लोक इंटरनेटवर हेच वाचून फसतात. भारतात स्पर्म व्हेल संरक्षित आहे आणि त्याच्यापासून मिळालेली ही वस्तू बाळगणं, विकणं गुन्हा आहे. किनाऱ्यावर मेणासारखा गोळा सापडला तर उचलू नका, घरी नेऊ नका, वनविभागाला कळवा. तो खरा की नुसतं मेण, हे प्रयोगशाळाच सांगू शकते. माझ्या वहीतही अहवाल येईपर्यंत मी "अंबरग्रीस" लिहीत नाही, "अंबरग्रीससदृश पदार्थ" लिहिते.

इंद्रजाल हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण ते सुशिक्षितांच्या घरात असतं. काचेच्या फ्रेममध्ये काळी, जाळीदार फांदी. दारासमोर लावली की नजर लागत नाही म्हणतात. ती वनस्पती नाही. समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळ आहे, म्हणजे असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत. ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी बिबट्याच्या रांगेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं ते अशाच समुद्रतळासाठी. हत्थाजोडी नावाचं जे "मूळ" पूजेच्या सामानात विकतात ते घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. मांडुळाला दोन तोंडं आहेत आणि ते गुप्तधन दाखवतं, ही समजूत पसरवून त्याला वजनावर विकतात. बिचारं निरुपद्रवी जनावर, शेतातले उंदीर खाणारं.

फासकीची प्रकरणं वेगळ्या पानावर लिहा. रानडुकरासाठी मोटारसायकलच्या क्लचवायरची फासकी लावतात आणि तिच्यात बिबट्या अडकतो. लावणारा तस्कर नसतो, भातशेतीच्या नासाडीने वैतागलेला असतो. पण मेलेल्या बिबट्याची नखं पंचनाम्याआधीच गायब असतील तर प्रकरण तिथे बदलतं. म्हणून अशा नोंदीत "नखं, दात, मिशा शाबूत?" असा एक प्रश्न ठेवा.

बघितलंत तर

वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. फोन केल्याची वेळ आणि पलीकडच्या माणसाने काय सांगितलं ते लगेच लिहून ठेवा. जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकाची ओळख आधीपासून करून घ्या. आंतरराज्य टोळीचा संशय असेल तर केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोचं पश्चिम विभागीय कार्यालय नवी मुंबईत आहे.

स्वतः गिऱ्हाईक बनून भाव विचारू नका. मुलांना यात थरार वाटतो, मला भीती वाटते. विकणाऱ्याला संशय आला की माल एका रात्रीत हलतो, महिनाभर चाललेला तपास वाया जातो, आणि तुमचा नंबर त्या लोकांकडे राहतो. सौदा ठरवल्याचे मेसेज तुमच्याच मोबाईलमध्ये असतात, हेही विसरू नका.

व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर विक्रीचा मजकूर दिसला तर स्क्रीनशॉट असा घ्या की खातं, तारीख आणि त्या मजकुराचा पूर्ण पत्ता (लिंक) दिसेल. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. फॉरवर्ड केलेला फोटो दबतो, त्याची मूळ माहिती जाते. न्यायालयात असा पुरावा जातो तेव्हा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, पूर्वी हेच ६५-ब होतं. तो मजकूर गावच्या ग्रुपवर टाकून "बघा बघा" करू नका. खवले मांजराच्या बिळाचा फोटोही टाकू नका. ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत जनावराचं नाव असावं, बिळाची जागा नसावी.

मच्छीमारांशी मैत्री असू द्या. २०१८ च्या डिसेंबरपासून महाराष्ट्रात योजना आहे: जाळ्यात कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन असं संरक्षित जनावर अडकलं आणि जाळं कापून सोडलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी फोटो किंवा व्हिडिओ द्यावा लागतो. बंदरावर बसून दोन तांडेलांना (बोटीच्या प्रमुखांना) ही योजना समजावली की ते तुम्हाला समुद्रातलं खूप काही आपणहून सांगू लागतात. वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे आलेल्या भरपाईच्या अर्जांवरून कुठल्या महिन्यात काय अडकतं तेही कळतं.

पंच व्हायची वेळ आली तर

हे सगळ्यांत नीट वाचा. माझ्या वहीत आरोपी सुटण्याच्या कारणांत "पंच फितूर" हे शब्द मला सर्वांत जास्त वेळा लिहावे लागले आहेत. फितूर म्हणजे दर वेळी पैसे खाल्लेला नव्हे. पुष्कळदा पंचाने खरोखरच काही बघितलेलं नसतं. त्याला नंतर सहीला बोलावलेलं असतं.

आमच्या वाडीतला वायरमनचं काम करणारा एक मुलगा रात्री एक वाजता पंच म्हणून गेला. जायच्या आधी त्याने मला फोन केला, "काकू, काय करू?" मी त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. पोत्याला हात लागायच्या आधी तिथे हजर राहा. किती वाजता पोचलास ते लक्षात ठेव. झडती घेणाऱ्यांनी आधी स्वतःची झडती तुम्हा पंचांना दिली का, ते बघ. माल कुणाच्या हातातून, कुठल्या पिशवीतून, कुठल्या रंगाच्या पिशवीतून निघाला ते डोळ्यांनी बघ. वजन तुझ्यासमोर व्हायला हवं. काटा कुठला, कुठून आणला, रिकाम्या पिशवीचं वजन वेगळं लिहिलं का, माल ओला आहे की सुका, तेही लिहायला सांग. खवले मोजता येण्यासारखे असतील तर नग मोजायला सांग, कारण वजन वाळून घटतं, नग घटत नाहीत. नमुना वेगळा काढला तर त्याचं वजन वेगळं. लाखेच्या सीलचा ठसा पंचनाम्याच्या कागदावरही हवा. लेबलावर तुझी सही हवी, फक्त कागदावर पुरत नाही. एक गोष्ट त्याच्या वेळी नव्हती, ती तुमच्यासाठी जोडते: १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रण व्हायला हवं. ते होत असेल तर तुम्हीही त्यात दिसाल असे उभे राहा. त्याला पुढे सांगितलं: पंचनामा सुरू आणि संपल्याची वेळ वाच, कोरी जागा दिसली तर आडवी रेघ मारायला सांग, आणि मगच सही कर. आणि कुणी दुसऱ्या दिवशी कार्यालयात बोलावून सही मागितली तर हात जोडून सांग: साहेब, जे मी बघितलं नाही त्यावर सही करणार नाही.

तो घरी आला तेव्हा पहाट झाली होती. मी त्याला झोपण्याआधी सगळं एका कागदावर लिहून घरात जपून ठेवायला लावलं. साक्षीची तारीख चार वर्षांनी आली. जाण्याआधी त्याने तो कागद काढून वाचला. उलटतपासात वकिलांनी विचारलं, काटा कुठला होता? तो म्हणाला, "रेशन दुकानातला इलेक्ट्रॉनिक. दुकानदाराला उठवून आणला. आधी रिकामा लावून शून्य दाखवलं." वकिलांनी पुढचा प्रश्न काट्याचा विचारला नाही.

साक्षीचं समन्स आलं तर जा. येण्या-जाण्याचा भत्ता मिळतो, तो मागा. कुणी दमदाटी केली तर सरकारी वकिलांना त्याच दिवशी सांगा.

फिर्याद कुणाची

आता "कुणी पकडलं" या ओळीकडे येते. पोलिसांनी जप्ती केली, गुन्हा नोंदवला, दोषारोपपत्र पाठवलं, तरी या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय कलम ५५ प्रमाणे अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या फिर्यादीवरच घेतं. म्हणून पोलिसांच्या जप्तीत वनविभाग पहिल्याच दिवशी सोबत आला की नाही, आणि वनविभागाची फिर्याद कधी दाखल झाली, हे दोन्ही लिहा. फिर्यादच नाही म्हणून कोसळलेलं प्रकरण बघून मला फार वाईट वाटलं होतं, कारण त्यातला पंचनामा चांगला होता. साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही फिर्याद करू शकतो, पण मग पुरावा मांडण्याचं सगळं ओझं त्याच्यावर येतं. जाणत्या वकिलाशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला कलम ५०(८) खाली साक्ष नोंदवता येते, आणि ती आरोपीसमोर नोंदवलेली असेल तर खटल्यात ग्राह्य धरली जाते. साक्षीदार चार वर्षांनी विसरतो, गाव सोडतो, मरतोही. पहिल्या आठवड्यात नोंदवलेली साक्ष टिकते. माझ्या वहीत या साक्षीचा रकाना बहुतेक पानांवर रिकामा आहे. अधिकाऱ्यांपुढे मी हा रकाना आवर्जून ठेवते.

वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी जागतिक खवले मांजर दिन असतो त्याच्या आधी, मी वहीतून एक पानाचा गोषवारा काढते. नावं नाहीत, टीका नाही. कुठल्या परिक्षेत्रात किती प्रकरणं कुठल्या टप्प्यावर थांबलीत, कुठल्या खटल्यात कुठला कागद कमी पडला, एवढंच. त्याच्या तीन प्रती: परिक्षेत्र वन अधिकारी, विभागीय कार्यालय, सरकारी वकील. दोन वर्षांपूर्वी एका परिक्षेत्रात त्या पानावरून लेबलाचा नमुना छापून घेतला गेला. त्यात पिशवीचं वजन, मालाचं वजन, नग, ओला की सुका आणि दोन पंचांच्या सह्या यांना छापील जागा आहेत. त्या लेबलाची एक कोरी प्रत मला दिली, ती मी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवली आहे.

वही पेनने लिहा. फक्त शेवटच्या ओळीतली पुढची तारीख शिसपेन्सिलीने, ती बदलत राहते.